हॉलला टेराकोटा / गेरूसारखा लाल रंग – कोकणच्या हवेत टिकेल का?

ओसरी_पडवी
नमस्कार मंडळी. मालवणपासून जरा आत गावात आमचं घर आहे. मागचा भाग जुना, चिऱ्याचा, कौलारू, आणि पुढे काही वर्षांपूर्वी स्लॅबचा हॉल वाढवलाय. आता हॉलला रंग काढायचाय आणि माझ्या डोक्यात टेराकोटा बसलाय, म्हणजे भडक लाल नाही हां, भाजलेल्या कौलासारखा, मातकट, थोडा केशरीकडे झुकणारा. हॉलची एक भिंत जुन्या घराची आहे (मागे माजघर), तिला आतून अजून चुन्याचा गिलावा आहे आणि दरवर्षी चुनाच लागतो, गणपती तिथेच बसतो. बाकी तीन भिंती नव्या, सिमेंटच्या. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर आहे पण तीच दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसते म्हणून मला तीच लाल करायची होती. जमीन लाल कोब्याची आहे, ती काढणार नाही, सासऱ्यांनी घालून घेतलीय आणि अजून आरशागत चकाकते. नवऱ्याला सगळं ऑफव्हाइट हवंय. सासूबाई म्हणाल्या घरात एस.टी. उभी केल्यासारखं वाटेल. गणपतीच्या आधी काम व्हावं अशी इच्छा आहे. कोणी केलंय का घरी असं? फोटो टाकलेत तर फारच बरं.

कोकमआगळ
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा 😄

झावळी
आम्ही वेंगुर्ल्याला बेडरूमची एक भिंत केलीय अशी. दुकानात कार्डावर जो शेड बघितला होता त्यापेक्षा भिंतीवर दोन पट गडद दिसतो हे आधी लक्षात घे, चार इंचाचा कागद आणि अख्खी भिंत यात फार फरक पडतो. आणि रात्री ट्यूबलाइट लावली की तोच रंग कॉफीसारखा तपकिरी. दिवसा मात्र सुंदर. आम्ही मग पिवळे दिवे लावले तेव्हा कुठे तो लाल वाटायला लागला.

रंगपेटी
झावळी म्हणतेय ते बरोबर. मी रत्नागिरीत इंटिरियरचं काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

मातकट लाल रंग उजेड खूप पितो. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या वर उजेड परत फेकते, टेराकोटा साधारण 20 च्या आसपास. म्हणजे चारही भिंती लाल केल्यास तर आहेत तेवढ्या दिव्यांत खोली अंधारी होणार, त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर ढगच असतात. एकच भिंत लाल आणि समोरची क्रीम ठेवलीस तर क्रीम भिंतीवर लालसर झाक पडते, ती फार छान दिसते, संध्याकाळी तर सगळी खोलीच उबदार होते. छत मात्र पांढरंशुभ्र नको, त्यातही थेंबभर पिवळं असू दे.

दिवे 2700 ते 3000 केल्विनचे घे. 6500 वाली निळसर पांढरी ट्यूब या रंगाची पार वाट लावते. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असतो तोही 90 च्या जवळपासचा बघ, स्वस्त एलईडीत लाल रंगच नीट दिसत नाही आणि मग माणसं रंगाऱ्याला शिव्या घालतात.

आता खरा प्रश्न तुझ्या जमिनीचा. कोब्याचा लाल बहुतेक वेळा किंचित जांभळटाकडे असतो आणि टेराकोटा केशरीकडे. दोन्ही शेजारी आले की एकमेकांना खातात. मी असती तर कार्ड घेऊन सरळ जमिनीवर ठेवलं असतं, भिंतीवर नाही. जो शेड जमिनीशी भांडत नाही तोच घ्यायचा.

मुंबईकर_चाकरमानी
ऑफव्हाइटच करा हो. आमच्या देवगडच्या घरी दोन वर्षांपूर्वी 'रस्टिक' म्हणून काहीतरी लाल टेक्श्चर करून घेतलं, ठेकेदाराने पैसेही भरपूर घेतले, पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पांढरी पावडर सुटली खालून. रोज झाडायची नि रोज परत येते. पांढऱ्या भिंतीवर निदान दिसत तरी नाही.

चिरा_आणि_चुना
चाकरमानी साहेब, तो टेक्श्चरचा दोष नाही, तो भिंतीतल्या क्षारांचा आहे. आणि तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. पांढऱ्या भिंतीवर दिसत नाही म्हणजे नसतं असं थोडंच आहे? गिलावा आतून कुजतोच.

मी बांधकामात आहे, जिल्ह्यातच. ओसरीताई, तुम्ही रंगाचा विचार करताय पण आधी भिंतीचा करा. जांभा, म्हणजे आपला चिरा, हा सच्छिद्र दगड. पाया ओला झाला की ओल चिऱ्यातून वर चढते, येताना विरघळलेले क्षार घेऊन येते, पृष्ठभागावर आली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तीच ती पांढरी पावडर. त्यात गिलाव्याला खाडीची वाळू न धुता वापरलेली असेल तर विचारूच नका, मीठ तुम्ही स्वतःच भिंतीत घातलेलं असतं. गडद लाल रंगावर हे सगळं आधी आणि जास्त दिसतं. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ढगांचे नकाशे उमटतात, कडेला पिवळसर रेघ, आतला रंग फुगून पापुद्रा होतो, नखाने उचलला की मागे ओलसर भुसा हाताला लागतो.

म्हणून पश्चिमेची भिंत तर अजिबात नको. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तो सगळा वाऱ्याबरोबर त्याच बाजूने आडवा येऊन आपटतो. त्या भिंतीचं आधी बाहेरून काम करा (भेगा, खिडकीच्या वरचा छज्जा, पाणी गळतं ती जागा), आतला रंग हा त्या भिंतीचा शेवटचा प्रश्न आहे.

एक सोपी परीक्षा सांगतो. फुटभर चौरस जाड प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळपट ओली दिसली तर ओल भिंतीतून येतेय. कोरडी निघाली तर रंगाचं बोला. हे खाली, मध्ये आणि खिडकीजवळ असं वेगवेगळ्या ठिकाणी करा.

गजाली
अगो बाय, पावसात रंग कसलो काढतस? भिंतीक ओल आसा तर रंग फुगतलोच. दिवाळी होव दे, मगे काय ता कर.

ओसरी_पडवी
@गजाली अहो पण गणपतीक रंग नको? 🙂 सगळं गाव त्याच वेळी तर घरी येतं.

@चिरा_आणि_चुना तुमचा मेसेज वाचून आत्ताच प्लास्टिक लावलंय तिन्ही भिंतींना. मुलगा विचारतोय भिंतीला पट्टी कशाला बांधलीस.

@रंगपेटी कार्ड जमिनीवर ठेवलं. खरंच, मला आवडलेला शेड तिथे गाजरासारखा दिसायला लागला. दुसरा एक होता जरा तपकिरीकडचा, तो बसतोय. पण तो एकटा बघितला की उदास वाटतो. काय करू?

रंगपेटी
तो उदास वाटणाराच घे. खरं सांगते, कार्डावर जो 'जरा मेलेला' वाटतो तोच भिंतीवर बरोबर दिसतो, कार्डावर जो सुंदर वाटतो तो भिंतीवर ओरडतो. बाकी पितळेची समई, फणसाच्या लाकडाची दारं, हिरवं काही झाड, हे सगळं त्या रंगापुढे उठून येतं. राखाडी सोफा असेल तर मात्र गडबड आहे, राखाडी आणि टेराकोटा जमतो पण राखाडीही उबदार हवा, निळसर नको. आणि दारं निळी असतील ना जुनी, तर ती तशीच ठेव! मोरपिशी निळा आणि हा लाल, याला तोड नाही.

झावळी
जुन्या दारांवरून आठवलं, जुना ऑइलपेंट घासताना जपून. शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरड्या पॉलिशपेपरने घासून घरभर धूळ करू नका, ओला पेपर वापरा आणि मुलांना लांब ठेवा. भावाकडे रंगाऱ्याने सगळं घर पांढरं केलं होतं धुळीने, लहान बाळ घरात.

पालघरवाला
मी उत्तरेकडचा, डहाणूजवळचा. तुम्ही लोक दुकानातल्या डब्याबद्दल बोलताय म्हणून मध्ये तोंड घालतो. आमच्याकडे वारली घरात भिंत कुडाची, त्यावर शेणमाती आणि गेरूचा हात, आणि वर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रं. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या चित्रांसाठी, ते त्याच्या कितीतरी आधीच कागदावर नि कापडावर काढायला लागले होते, तरी पार्श्वभूमी बरेचदा मातीचीच. सांगायचा मुद्दा, गेरूची भिंत आणि त्यावर पांढरं, यात लाल रंग अंगावर येत नाही. ओसरीताईंनी अख्खी भिंत लाल ठेवून वर एखादी पांढरी रेघ, वेल, काहीतरी काढलं तर सासूबाईंची एस.टी. पळून जाईल.

पण कृपा करून स्टिकर लावू नका 🙏

कोकमआगळ
सिंधुदुर्गात पण गणपतीच्या भिंतीवर चित्रं काढायची पद्धत आहेच की. आमच्या वाडीत एक काका अजून काढतात, मागच्या वर्षी मोर, कमळं आणि वर ढगांत चंद्र. आता बहुतेक घरांत फ्लेक्स लागतो, डोंगर आणि धबधब्याचा. त्या फ्लेक्सपुढे गणपती कुठे आणि धबधबा कुठे तेच कळत नाही. ओसरीताई, लाल भिंत करायची तर गणपतीचीच करा ना! पश्चिमेची कशाला?

मुंबईकर_चाकरमानी
लाल भिंतीपुढे गणपती दिसेल का पण? बाप्पाच्या अंगावर लाल शेला, मागे जास्वंदीची लाल फुलं, वर लाल भिंत.

कोकमआगळ
शेला दिसणार नाही, कबूल. पण पितांबर पिवळा, तो झळकेल. आणि माटवीला (गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला) बांधलेलं हिरवं काय दिसेल विचार करा, कवंडळं, सुपाऱ्यांचे घोस, आंब्याचे टाळे, सगळं पांढऱ्या भिंतीपुढे साधंच दिसतं. शेला हिरवा घ्या या वर्षी, हाय काय नि नाय काय.

चिरा_आणि_चुना
कोकमआगळ बोलले ते रंगाच्या दृष्टीने मला कळत नाही, पण भिंतीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. ती भिंत घराच्या मधली आहे, दोन्ही बाजूंनी छप्पर, पाऊस लागत नाही. जुनी असली तरी घरातली सगळ्यात कोरडी भिंत तीच असणार.

मात्र तिथे प्लास्टिक इमल्शन लावू नका. चुन्याचा गिलावा आहे आणि वर इतक्या वर्षांचे चुन्याचे थर. चुना ओल घेतो आणि सोडतो, तुम्ही वरून रबरी थर चढवलात की ती आत कोंडते आणि रंग चुन्याच्या थरासकट पत्र्यासारखा सुटतो. तिथे चुन्यातच गेरू मिसळून हात द्यायचा. गेरूत लाल रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आपल्या जांभ्यातला आणि लाल मातीतलाही तोच, आणि चुन्याच्या तीव्र क्षाराने तो मरत नाही, उन्हाने उडत नाही. दुकानातले काही भडक लाल रंग सेंद्रिय पिगमेंटचे असतात, ते चुन्यात टिकत नाहीत. म्हणून जुन्या लोकांनी गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी, नीळ एवढ्यावरच काम चालवलं.

झावळी
पण गेरू हाताला लागतो ना? आमच्या तुळशीवृंदावनाला टेकलं की परकराला लाल ठसा ठरलेला असायचा लहानपणी.

चिरा_आणि_चुना
नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर लागणारच. चुन्यात थोड्या प्रमाणात मिसळला तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो आणि गेरू त्यात अडकतो. त्यात डिंकाचं पाणी घालायचं, तेही धरून ठेवतं. प्रमाण फार वाढवलं तर चुना पुरा पडत नाही आणि मग पावडर सुटते. म्हणूनच चुन्यातला लाल कधी डब्यातल्या टेराकोटाएवढा गडद होत नाही, तो गुलाबीकडचा, मऊ लाल होतो. ज्याला गडदच हवाय त्याने ही वाट धरू नये. आणि ओला असताना खूप गडद दिसतो, वाळला की उतरतो, त्यामुळे बादलीत बघून घाबरू नका.

रंगपेटी
मला मऊ लालच जास्त आवडतो, माझं मत. त्यात मुठभर पिवडी टाक म्हणजे गुलाबीपणा जाऊन मातीकडे येईल. आणि कोब्याशी पण भांडण नाही, कारण कोब्यातलाही लाल म्हणजे लोखंडाचंच ऑक्साइड, सख्खी नाही तरी चुलत भावंडं.

एकच शंका @चिरा_आणि_चुना, उद्या तिला कंटाळा आला आणि इमल्शन मारायचं ठरवलं तर? चुन्यावर ते धरणार नाही.

चिरा_आणि_चुना
नाही धरणार. सगळे थर खरवडून, प्रायमर मारून मगच. म्हणजे आत्ता चुन्याचा रस्ता धरला की चुन्यावरच राहायचं. पण ती भिंत आजवर चुन्यावरच राहिलीय ना, मग अडचण काय? पुढल्या वर्षी वाटलं तर पुन्हा पांढरा चुना, दोन हातांत लाल झाकला जाईल, तीन लागले तर तीन.

तिठ्यावरचा
चुना बिना कोण करत बसणार आता, माणसं मिळतात का? आमच्याकडे रंगारी परप्रांतातून येतात, त्यांना पुट्टी-प्रायमर-दोन कोट एवढंच माहीत. ज्यांना सिमेंटच्या भिंतीवर टेराकोटा करायचाय त्यांच्यासाठी लिहितो, मी केलंय कुडाळला.

नवा गिलावा असेल तर किमान सात दिवस पाणी आणि मग सुकायला वेळ, रंगाआधी एकूण 28 दिवस तरी जाऊ द्या, आपल्याकडे पावसाळ्यात तो कधी सुकतच नाही, नोव्हेंबर ते मे याच काळात करा. पुट्टी वॉटरप्रूफ घ्या. गडद शेड डीप बेसमध्ये मशीनवर कालवतात, सगळा माल एकाच वेळी घ्या आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मग लावा, नाहीतर एका डब्याचा आणि दुसऱ्या डब्याचा फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. 12 बाय 10 ची भिंत म्हणजे 120 चौरस फूट, दोन कोटांना दोन लिटर धरा, आणि थोडा जपून ठेवा डागडुजीला. तो अगदी मॅट घेऊ नका खुर्च्यांच्या बाजूला, गडद मॅटवर खुर्ची घासली की पांढरी रेघ उमटते आणि पुसली की तेवढाच भाग चमकतो. थोडी चमक असलेला घ्या, पण मग पुट्टी सपाट हवी कारण चमकेत प्रत्येक लाट दिसते.

ओसरी_पडवी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्लास्टिक काढलं.

पश्चिमेची भिंत: आतून थेंबच थेंब, खिडकीखाली तर टेपच सुटून आली होती. उत्तरेची: खाली किंचित ओलसर, वर कोरडी. गणपतीची जुनी भिंत: एकदम कोरडी, प्लास्टिकवर फक्त चुन्याची भुकटी.

नवऱ्याला थेंब दाखवले तर तो आधी छज्जा दुरुस्त करूया म्हणाला, जे मी तीन पावसाळे सांगतेय. असो. तर ठरलं ते असं: पश्चिमेच्या भिंतीला या वर्षी हातच लावायचा नाही, पाऊस संपला की बाहेरून काम. बाकी दोन सिमेंटच्या भिंती दिवाळीनंतर क्रीम, म्हणजे नवराही खूश. गणपतीची भिंत चुना-गेरू, पावसाने चार दिवस उसंत दिली की. सासूबाईंना सांगितलं गेरूच लावतोय तर म्हणाल्या "मग आधीच तसं सांगायचंस, मी कुठे नको म्हटलं". टेराकोटा म्हटल्यावर नको आणि गेरू म्हटल्यावर चालेल, घ्या!

खाली जमिनीलगत सहा इंचाचा काळा पट्टा होता आधी, कोब्याचाच, तो ठेवू की लाल थेट जमिनीपर्यंत आणू?

रंगपेटी
पट्टा ठेव! लाल भिंत आणि लाल जमीन यांच्यामध्ये तोच एक श्वास आहे. आणि झाडू-पोछ्याचे डाग त्यावरच जातात.

गजाली
ह्या बरा झाला. चुनो आदल्या रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यातून गाळून घे, नायतर खडे रवतत आणि भिंतीर रेघो मारतत. गेरू पण वायच गाळ. आणि डोळे सांभाळ, चुनो डोळ्यात गेलो तर मोठी पंचाईत.

चिरा_आणि_चुना
गजाली बरोबर. चष्मा आणि हातमोजे घालाच, चुना कातडीलाही भाजतो. पहिला हात पातळ द्या, भिंतीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारून. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही, एक हात आडवा तर दुसरा उभा. ब्रश जाड केसांचा, रोलर नको.

ओसरी_पडवी
काथ्याचा जुना कुंचला आहे घरात, सासऱ्यांचा, तोच वापरते. डिंक आणि पिवडी सोमवारी कट्ट्याच्या बाजारातून आणीन, गेरू शेजारच्या काकींकडे आहे.

पालघरवाला
फोटो टाका झाल्यावर. आणि स्टिकर नको म्हणजे नको.

कोकमआगळ
आणि फ्लेक्स पण.